पश्चिम भिंतीवरचा मनोरा

१

शरद पौर्णिमेच्या सणाची दोन दिवसांची सुटी संपवून मी सोमवारी सकाळी आठला थडग्यावर परतलो. दाराचं कुलूप काढलं, उतरत्या वाटेनं चाळीस पावलं खाली गेलो आणि सवयीनं पश्चिमेच्या भिंतीवर बॅटरी मारली. तिथे मनोरा नव्हता.

त्याच्या जागी ओल्या पिवळ्या मातीचा एक चौकोन होता, साडेसहा फूट उंच आणि पाच फूट रुंद. तेराशे वर्षांपूर्वी कुणा चिताऱ्यानं काढलेला राजधानीचा द्वारमनोरा, त्याचे तीन टप्पे, त्याची छपरं, छपराखालचे लाकडी ठोकळे, सगळं गिलाव्यासकट कापून नेलेलं. कडा इतक्या सरळ होत्या की त्यांच्यावरून बोट फिरवावंसं वाटलं. मी फिरवलं नाही. 

माझं नाव न्ये छंगद. वेई नदीच्या उत्तरेला दगडी घोड्यांचं पठार आहे, तिथल्या या उत्खननाचा मी प्रमुख. थडगं तांग घराण्यातल्या एका राजपुत्राचं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नाव कोरलेली शिळा जुन्या चोरांनी कधीच फोडून टाकली होती. उरली होती ती चित्रं. आणि त्या चित्रांतले हे दोन मनोरे, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, सगळ्यात मोलाचे होते. त्या काळी सरदाराच्या दारी एका टप्प्याचा मनोरा असे, राजपुत्राच्या दारी दोन, आणि तीन टप्प्यांचा फक्त सम्राटाच्या. आमच्या राजपुत्राला कुणीतरी सम्राटाच्या मानानं पुरलं होतं. का, ते शोधायचं होतं. शहरातले प्राध्यापक त्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

म्हणूनच वरून लेखी हुकूम आला होता: तज्ज्ञांची समिती वसंतात येईल, तोवर एकाही चित्राला हात लावायचा नाही. तो कागद मी माझ्या टेबलामागे चौकट करून लावला होता.

मी वर आलो तेव्हा पहारेकरी पांगकाका शेडच्या वळचणीला बदकांना कोंडा घालत होते.

"काका, खाली कोण गेलं होतं?"

"कुणी नाही साहेब. का?"

"पश्चिमेचा मनोरा गेला."

त्यांनी कोंड्याचं भांडं हळूच खाली ठेवलं. "गेला म्हणजे?" त्यांनी विचारलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारपासून पाऊस लागलेला. पठारावर येणारा रस्ता एकच, आणि त्यावर घोट्यापर्यंत चिखल. मी फाटकापर्यंत चालत गेलो. चिखलात माझ्या सायकलीच्या चाकाची रेघ होती. दुसरी एकही नव्हती.

म्हणजे शंभर किलोच्या वर वजनाचा मनोरा रस्त्यानं गेलाच नव्हता.

२

तालुक्याच्या पोलीस कचेरीतून शांगबाई आल्या त्याही सायकलीवरूनच, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खिशात भाजलेल्या कलिंगडाच्या बिया. आल्या आल्या त्यांनी पांगकाकांच्या बायकोकडे गरम पाणी मागितलं, पाय धुतले, आणि मग मला म्हणाल्या, "चला, तुमचं भोक दाखवा."

खाली गेल्यावर त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग कडेला नाक लावून वास घेतला.

"डिंक आहे."

"पीचच्या झाडाचा," मी म्हणालो. "चित्र काढायच्या आधी त्यावर पातळ कागद डिंकानं चिकटवतात. मग गिलावा मागून कापला तरी चित्राचे तुकडे होत नाहीत."

"म्हणजे चोराला काम येत होतं."

"उत्तम येत होतं," मी कडवटपणे म्हणालो.

त्यांनी उघड्या मातीला तळवा लावला. तळवा ओला झाला. पुसून पुन्हा लावला, पुन्हा ओला.

"चोरानं पाणी मारलं असेल," मी म्हणालो, "गिलावा सुटावा म्हणून."

"असेल," त्या म्हणाल्या. "बरं, या थडग्यातलं बाजारात काय विकलं जाईल?"

मी त्यांना आणखी आत नेलं. तिथे दरबारी स्त्रिया होत्या, बहिरी ससाणा हातावर घेतलेला एक सेवक होता, घोडेस्वार होते. एकेक चेहरा थाळीएवढा. "हे," मी म्हणालो. "एखादी बाई कापली तर पिशवीत घालून नेता येईल, आणि परदेशातला शौकीन म्हणेल ती किंमत देईल. गेल्या महिन्यात काळी गाडी घेऊन एक दलाल गावात चौकशी करून गेला. तोही बायकांबद्दलच विचारत होता."

"आणि मनोरा कोण घेईल?"

मी विचार केला. "कुणी नाही. एवढं मोठं धूड लपवणार कुठे, टांगणार कुठे?"

"मग चोरानं चार पावलांवरच्या बायका सोडल्या आणि धूड उचललं." त्यांनी एक बी दातांखाली फोडली. "एक तर तो वेडा आहे, नाहीतर त्याला विकायचंच नाही."

परतताना त्या पूर्वेच्या मनोऱ्यापाशी थांबल्या. तो जागेवर होता. दुसऱ्या टप्प्याच्या छपराच्या कडेखाली डोळा आणून त्यांनी एक डोळा मिटला, जसा सुतार फळी पारखताना मिटतो.

"ही रेघ सूत मारून काढलीय ना?"

"हो. गिलावा ओला असताना दोरी ताणून मारायचे. जवळून पाहिलंत तर दोरीची खाचही दिसेल."

"माझे वडील सुतार होते. सूत मारलेली रेघ कधी लोंबत नाही. ही मधे लोंबलीय."

मला हसू आलं. "शांगबाई, तेराशे वर्षांपूर्वीचा चितारी होता तो. हात हलला असेल."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी वर येऊन दाराला नवं कुलूप ठोकलं आणि दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. आता कुणी खाली जाणार नव्हतं. त्या घटकेला मला वाटलं, दिवसभरात मी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

३

सुटीत कामावरची तीनच माणसं इथे राहिली होती. शांगबाईंनी तिघांना एकेकटं बोलावलं आणि मला कोपऱ्यात बसू दिलं.

पहिले पांगकाका. मिशीला तेल लावून आले.

"दोन दिवस काय केलंत?"

"दारू प्यालो आणि झोपलो, बाई. सणच होता."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

"तुमची बायको म्हणाली तुम्ही तिच्या माहेरी गेला होता."

काकांनी मिशी चाचपली. "मग गेलो असेन. प्यालो होतो ना."

"मनोरा गेला त्याला जबाबदार कोण?"

"मी. पहारा माझा होता. काय शिक्षा असेल ती मला द्या."

दुसरे लेई उस्ताद. भिंतीवरून चित्रं उतरवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस प्रांतात नव्हता. पण तीन आठवड्यांपूर्वी शिडीवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"उस्ताद, हे काम तुमच्यासारख्या हाताचं आहे."

"माझा हात हा," त्यांनी प्लास्टर टेबलावर आपटलं. "यानं नूडलसुद्धा उचलत नाही. बायको भरवते."

"तुमच्या हाताखाली शिकलेलं कोण?"

"अर्धा प्रांत."

"इथे?"

 "कडा पाहिल्यात तुम्ही?" त्यांनी उलट विचारलं.

"पाहिल्या."

"केसभर तरी कुठे तुटलंय?"

"नाही."

"मग ठीक," असं म्हणून ते खुर्चीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसल्यासारखं वाटलं आणि माझं डोकं तापलं.

तिसरी छिन शूमेई. सगळे तिला छिनताई म्हणत, चाळिशीतली, बारीक, नखांत कायमचा रंग. भिंतीवरच्या चित्रांच्या हुबेहूब नकला करणं हे तिचं काम. पश्चिमेच्या मनोऱ्याची नक्कल तिनं तीन महिने खपून केली होती, मातीचाच पण पातळ गिलावा, तीच मापं, तेच खनिज रंग. मंगळवारी ट्रक येऊन ती शहराच्या संग्रहालयात जायची होती. गेल्या गुरुवारीच आम्ही ती कागदात गुंडाळून पेटीत घातली होती आणि दोन हमालांनी पेटी शेडमध्ये सरकवली होती.

"ताई, शनिवार-रविवार काय केलं?"

"रंग धुतले, ब्रश धुतले, झोपले."

"खाली गेला होता?"

"रोजच जाते."

"आता तुमची नक्कल तेवढी उरली. नशीब म्हणायचं."

"नक्कल म्हणजे चिखल हो," ती म्हणाली. "चिखलाचं काय एवढं."

मी चमकलो. तीन महिने ही बाई त्या नकलेवर माशी बसली तर उठवायला धावत असे. जेवायला हाक मारली तर ब्रशनंच थांबा म्हणायची. आज तिला ती चिखल वाटत होती.

"तुम्हाला कुणावर संशय?"

"कुणावर नाही. जायचंच होतं ते गेलं."

ती गेल्यावर मी शांगबाईंना म्हणालो, "तिघंही खोटं बोलताहेत."

"खोटं तर आहेच. पण एक गोष्ट लक्षात आली का? चोरी झाली की आत असलेली माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. नवरा बायकोकडेसुद्धा दाखवतो. इथे एकानं तरी दाखवलं?"

कुणीच दाखवलं नव्हतं. मुकाट्यानं आम्ही शेड, कोठार, स्वयंपाकघर, मातीचे ढीग, विहीर सगळं पालथं घातलं. मनोरा कुठेच नव्हता.

४

मंगळवारी पावसाचा जोर वाढला. दहा वाजता ट्रक आला तो चिखलात दोनदा रुतून. हमाल चौघं होते.

शांगबाई पांगकाकांच्या उंबऱ्यावर बसून तिखट तेल घातलेल्या रुंद नूडल खात होत्या. समोर बदकं. त्यांनी काठीनं एका बदकाला जवळ ओढलं आणि उलटं केलं.

"न्ये साहेब, तुमच्याकडची बदकं लाल पोटाची असतात का?"

मी पाहिलं. पाच पांढऱ्या बदकांपैकी तिघांची पोटं गुलाबी-लाल झाली होती, एकाच्या पायांवर हिरवा डाग.

"सणाचे लाल कागद भिजून रंग गेला असेल," पांगकाका घाईनं म्हणाले.

"आणि हिरवा?"

काका बदकांना हाकलायला लागले. शांगबाई उठून शेडच्या मागे गेल्या. मी मागोमाग. बदकं तिथल्या डबक्यात लोळायची. डबक्याच्या तळाशी मऊ, चाळलेली माती बसली होती, आमच्या पठाराच्या मातीहून बारीक, आणि तिच्यात ताग चिरून घातलेला. शांगबाईंनी मूठभर काढून पिळली. बोटांवर शेंदरी ओघळ आला.

"हे काय असेल?"

 असला चाळलेला, ताग घातलेला गिलावा आमच्याकडे एकच माणूस बनवत असे.

तेवढ्यात पुढून हमालांचा आरडाओरडा ऐकू आला.

"ओ साहेब, नक्कल म्हणालात ना? आत काय दगड भरलेत? गुरुवारी आम्ही दोघांनी ही पेटी आत सरकवली होती. आज चौघांना हलेना."

शांगबाईंनी हात पॅंटला पुसले. माझ्याकडे पाहून त्या पहिल्यांदा हसल्या.

"पेटी खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि कुणी हातोडा आणा."

५

फळ्या निघाल्या तेव्हा शेडमध्ये सगळे जमले होते. लेई उस्ताद दाराला टेकून उभे. छिनताई पेटीपाशी, हात छातीशी घट्ट बांधून.

"हळू," ती म्हणाली. "डावीकडचा कोपरा कच्चा आहे."

आत कागदानं मढवलेला चौकोन होता. शांगबाईंनी डावीकडे न जाता उजव्या कोपऱ्यातला कागद गरम पाण्याच्या फडक्यानं शेकला आणि वीतभर सोडवला. छपराची कड दिसली. लाल, काळी, हिरवी.

"न्ये साहेब, डोळे मिटा आणि त्या रेघेवरून नख फिरवा."

मी फिरवलं. नखाला खाच लागली. सरळ, बारीक, दोरीची खाच, जिच्यात तागाच्या पिळाचे ठसेसुद्धा होते. छिनताई नकला कोरड्या गिलाव्यावर पट्टीनं करायची. तिच्या रेघेला खाच नसायची.  माझ्या बोटाखाली होता तो खरा मनोरा.

"आता सांगते," शांगबाई म्हणाल्या. त्या एका पिंपावर बसल्या. "चिखलात चाकाची रेघ नाही, म्हणजे मनोरा आवारातच होता. सगळं शोधलं, एक जागा सोडून. ती का सोडली? तुम्ही म्हणालात म्हणून: 'ती नक्कल आहे.' नकलेकडे कोण पाहतं? पण खऱ्याला नकलेच्या जागी ठेवायचं तर नक्कल कुठे जाणार? दोन मनोरे सापडले असते तर खेळ तिथेच संपला असता. म्हणून नक्कल फोडली, पाण्यात भिजवली आणि बदकांना दिली. तीन महिन्यांचं काम. असं काम फोडायला कुणाचा हात धजेल? ज्याचं आहे त्याचाच."

छिनताईनं मान खाली घातली. नाकाचा शेंडा लाल झाला, पण ती रडली नाही.

"एकटीला उचलणं शक्य नव्हतं," शांगबाई पुढे म्हणाल्या. "उस्तादांचा एक हात मोडलाय, पण तोंड शाबूत आहे. ते सांगत गेले, ताई करत गेल्या. काकांनी आणि काकूंनी मातीच्या टोपल्या उपसायचा रहाट लावून फळ्यांवरून वर ओढलं. बरोबर?"

"बायकोला नका धरू," पांगकाका पुटपुटले. "तिनं फक्त दोरी धरली."

माझा तोल गेला. "तुम्हाला लाज वाटते का? हुकूम होता. मी रोज वाचून दाखवत होतो. शहरात कुणाला विकणार होता?"

"साहेब," शांगबाई म्हणाल्या, "पेटी कुठे निघाली होती?"

"संग्रहालयात."

"तिथल्या कुठल्या खोलीत?"

"कोरड्या कोठारात," मी म्हणालो, आणि वाक्य पुरं होता होता माझा आवाज बारीक झाला. चोरीचा माल कुणी सरकारी संग्रहालयात पाठवत नाही.

छिनताईनं खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. संग्रहालयाच्या नावानं पत्र होतं. पेटीत खरा मनोरा आहे, मी काढला, जबाबदारी माझी, त्याला ओलीपासून जपा. खाली तिची सही.

"पण का?" मी विचारलं. "का काढलात?"

"तेच मला कालपासून समजत नव्हतं," शांगबाई म्हणाल्या. "ताई, चित्रावर कागद ठेवून रेघा गिरवता ना, त्या ट्रेसिंगची नळी आणा."

६

टेबलावर तिनं दोन पारदर्शक कागद पसरले. दोन्हींवर पश्चिमेचा मनोरा, रेघ न रेघ. एकावर जूनची तारीख, दुसऱ्यावर ऑगस्टच्या अखेरची. एकावर दुसरा ठेवला. तळाशी रेघा जुळल्या. वरही जुळल्या. पण मधल्या छपराची कड दुसऱ्या कागदावर खाली लोंबली होती, बोटभर.

"आधी वाटलं माझाच हात चुकला," छिनताई म्हणाली. "म्हणून तिसऱ्यांदा घेतलं, शुक्रवारी. तेव्हा दोन बोटं झाली होती. सूत मारलेली रेघ आपोआप वाकत नाही साहेब. भिंतीला पोट सुटलंय. मागून पाणी येतंय आणि गिलावा मातीसकट घसरतोय."

उघड्या मातीला लावलेला शांगबाईंचा तळवा मला आठवला. चोरानं पाणी मारलं असेल, असं मीच म्हणालो होतो.

"मला सांगितलं का नाहीत?"

"दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा हे कागद घेऊन आले होते. तुम्ही चष्मा पुसत होता. म्हणालात, ताई, तुमची पट्टी तपासा."

मी म्हणालो होतो. अगदी तेच शब्द. मला वाटलं होतं बाई दमल्या आहेत.

 मग शांगबाईंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज आता तपास करणाऱ्या बाईचा नव्हता, "ताई, पूर्वेच्या भिंतीचं काय? काल मी तिथेही रेघ लोंबलेली पाहिली."

"शनिवारी मोजली तेव्हा बोटभर होती. दोन्ही काढायला दिवस पुरले नाहीत. पश्चिमेची जास्त वाईट होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "रविवारनंतर मोजता आलं नाही. तुम्ही कुलूप लावलंत."

किल्ल्या माझ्या खिशातच होत्या. मी धावत सुटलो.

७

खाली मातीचा ओला वास होता, नांगरलेल्या शेतासारखा. वाटेवर माती पडलेली. पश्चिमेच्या उघड्या चौकोनातून पाणी सरळ धार धरून वाहत होतं, आणि त्याच्या वर भेग पडली होती, तिच्यात माझी मूठ गेली असती. मनोरा तिथे राहिला असता तर आज सकाळीच चुरा झाला असता.

पूर्वेचा मनोरा अजून उभा होता. छपराची कड आता कुणालाही दिसेल इतकी वाकलेली.

लेई उस्तादांनी डाव्या हाताच्या बोटांनी भिंतीवर टकटक केली, कान लावला, पुढे सरकले, पुन्हा टकटक. "पोकळ," ते म्हणाले. "इथेही पोकळ. संध्याकाळपर्यंत धरेल. उद्याचं मी सांगत नाही."

"शहरात फोन लावतो," मी म्हणालो. "परवानगी..."

"लावा," उस्ताद म्हणाले. "पावसानं तार पडलीय कालपासून."

सगळे माझ्याकडे पाहत होते. छिनताईच्या नजरेत राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. तिनं नोकरी पणाला लावून, स्वतःचं काम पाण्यात घालून एक भिंत वाचवली होती. आणि मी चौकटीतला कागद वाचवत बसलो होतो.

"काढा," मी म्हणालो. "हुकूम माझा. शांगबाई, तुमच्या वहीत लिहून घ्या, वेळेसकट."

"अकरा वाजून दहा मिनिटं," शांगबाईंनी लिहिलं आणि वही कमरेला खोचली. "आता मला काय धरायचं ते सांगा."

त्यानंतरचे सहा तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात वेगानं गेलेले तास आहेत. काकू चुलीवर डिंक वितळवून बादल्या खाली पाठवत होत्या. छिनताई शिडीवर, मऊ ब्रशनं कागदावर कागद बसवत होती, बुडबुडा राहिला की फुंकर घालून काढत होती. मी आणि शांगबाई कोळशाच्या शेगड्या चित्राजवळ धरून कागद वाळवत होतो. चेहरे भाजत होते, पाय गार पाण्यात. पांगकाकांनी गावात जाऊन हाक दिली, तशी माणसं घरांची दारं बिजागरांवरून उचकटून घेऊन आली, भिंतीला टेकू द्यायला. ट्रकचे हमालही खाली उतरले. मघाशी ओरडणारा सगळ्यात पुढे होता.

"कापा," उस्ताद म्हणाले. "वरून नको. बाजूनं. हात सैल. सैल म्हणजे सैल, पोरी, लोणी कापतेस असं."

"पोरगी चाळीस वर्षांची आहे," छिनताई दातांत गिलावा कापायच्या तारेच्या करवतीचं टोक धरून म्हणाली.

"मग आणखी सैल."

साडेचारला पश्चिमेकडून धप्प असा आवाज झाला. उघड्या चौकोनाच्या वरची माती बैलगाडीभर खाली आली आणि आमच्या गुडघ्यापर्यंत चिखल उसळला. दोघं गावकरी पळाले. ते अर्ध्या वाटेवरून परत आले आणि मुकाट दारं धरून उभे राहिले.

"थांबू नका," शांगबाई म्हणाल्या. "ताई, किती राहिलं?"

"हातभर."

"उस्ताद?"

उस्ताद भिंतीला गाल लावून उभे होते, डोळे मिटून. "बोलतेय," ते म्हणाले. "अजून बोलतेय, म्हणजे धरून आहे. कापा."

शेवटची वीत सुटली तेव्हा मनोऱ्याचं सगळं वजन आमच्या खांद्यावरच्या फळीवर आलं. नऊ माणसं होतो.  रहाटाची दोरी ताणली, फळी सरकली, एक पाऊल, दुसरं पाऊल, चाळीस पावलं. दारातून उजेडात आलो आणि फळी गवतावर टेकवली, तेवढ्यात मागे जमीन हादरली. पूर्वेची भिंत बसली होती. वाटेच्या तोंडातून पिवळ्या धुळीचा लोट आला आणि पावसात विरला.

छिनताई गवतावर आडवी पडली. मग हसायला लागली, आणि तिला हसताना पाहून शांगबाई हसायला लागल्या, आणि मग आम्ही सगळेच.

८

तार जुळली ती गुरुवारी. मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, कुणी काय केलं आणि कुणी काय ऐकलं नाही ते. पलीकडच्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "दोन्ही मनोरे शाबूत आहेत?" मी हो म्हणालो. "मग तुमचं काय करायचं ते लेखी कळवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शांगबाईंचा अहवाल अर्ध्या पानाचा होता. वस्तू आवाराबाहेर गेली नाही, सबब चोरी घडली नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्या सायकलीवर बसताना मी विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"की चोर चांगला माणूस आहे ते? कडा पाहिल्या तेव्हाच. विकायला नेणारा इतक्या मायेनं कापत नाही. पण माया कशासाठी, ते तुमच्या बदकांनी सांगितलं नाही."

लेखी कळलं ते महिन्याभरानं. माझं उत्खननाचं प्रमुखपद गेलं. लेई उस्ताद आणि पांगकाकांना ताकीद. छिनताईच्या नोंदीत एक काळी रेघ, आणि तिच्याच खाली दुसऱ्या खात्याकडून आलेलं प्रशस्तिपत्र. कारकुनानं दोन्ही एकाच टाचणीनं लावली होती.

मला संग्रहालयाच्या तळघरात बदली मिळाली. पहिल्या दिवशी गेलो तर दोन्ही मनोरे समोरासमोर आडवे ठेवलेले आणि मधे बाह्या दुमडून छिनताई. पश्चिमेच्या मनोऱ्याची नक्कल तिला पुन्हा करायची होती, आणि मदतनीस कुणी मिळत नव्हता.

"माती चाळता येते का?" तिनं विचारलं.

"शिकेन."

तिनं चाळणी माझ्याकडे सरकवली. ते काम आम्ही दोन वर्षं केलं. मी माती मळायचो, ताग चिरायचो, आणि ती माझ्या खांद्यावरून वाकून चुका काढायची. सूत मारायचं ठरलं तेव्हा दोरीचं दुसरं टोक तिनं माझ्या हातात दिलं. या वेळी नकलेलाही खाच पाडायची असं तिनं ठरवलं होतं.

"ताणा," ती म्हणाली. "आणखी. आता श्वास धरा."

मी श्वास धरला आणि तिनं दोरी सोडली.